ध्वनियंत्रांची हेळसांड

आपल्यापैकी पुष्कळांनी काशीस जाऊन दशाश्वमेध घाटावरील सायंकाळची आरती पाहिली असेल. दिव्यांच्या उतरंडी, धूप, शंख, आणि या सर्वांवर मात करणारे ध्वनिक्षेपकांचे कर्णे! हा घाट मराठी माणसास परका वाटत नाही. बाळाजी बाजीराव पेशव्यांनी तो १७४८ च्या सुमारास बांधविला व अहल्याबाई होळकरांनी १७७४ मध्ये त्याची पुनर्बांधणी केली, असे सांगतात. आरती आटोपली आणि गर्दी ओसरली, म्हणजे घाटामागील एका अरुंद गल्लीत शिरावे. तेथे एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर माझ्या आईचे चुलतबंधू, म्हणजे माझे मामा, राहतात. त्यांच्या घराण्याचे काशीतील वास्तव्य सहा पिढ्यांचे आहे. घरात मराठी बोलतात, भाजी हिंदीत विकत घेतात, आणि रात्री जेवणानंतर ग्रामोफोन लावतात.

मामांच्या त्या खोलीत चावीचा एक ग्रामोफोन, १९६४ साली त्यांच्या वडिलांनी घेतलेला व्हॉल्व्हचा रेडिओग्राम, त्यानंतरच्या काळातील एक ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर, लाकडी पेटीतील दोन लाऊडस्पीकर, एक कॅसेट-टेपरेकॉर्डर आणि सुमारे चारशे तबकड्या आहेत. रेडिओग्राम घेण्यासाठी वडिलांनी दोन वर्षे पैसे साठविले होते. अशी यंत्रे आपल्याही घरी असतील. वडिलांची जुनी असतील, किंवा तबकड्यांची आवड पुन्हा वाढल्यामुळे आपण हौसेने नवी घेतली असतील. ती झिजून बिघडतात त्यापेक्षा आपल्या हातूनच अधिक बिघडतात, असे माझे मत झाले आहे. हे मत बनविण्यात माझा स्वतःचा वाटा मोठा आहे, म्हणून प्रथम तेच सांगतो.

कॉलेजात असताना एका दिवाळीच्या सुटीत मी मामांकडे गेलो होतो. लाँगप्लेइंग तबकड्या पातळ केलेल्या स्पिरिटने पुसल्यास स्वच्छ निघतात, असे मी कोठेतरी वाचले होते. मामांना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून, ते स्नानास घाटावर गेले असता, मी कपाटातील एक जुनी, जड, काळी तबकडी काढली व स्पिरिटमध्ये बुडविलेला कापूस तिच्यावरून फिरविला. कापूस काळा झाला. किती धूळ साचली होती, असे मला वाटले! दुसरा कापूस घेतला, तोही काळाच. तिसऱ्या वेळी तबकडीवरील चकाकी जाऊन राखेसारखा पट्टा दिसू लागला, तेव्हा माझा हात थांबला. ती एका नाट्यपदाची तबकडी होती. मामांच्या आजोबांनी ती मुंबईहून अंथरुणाच्या वळकटीत गुंडाळून काशीस आणली होती. मामा आले, त्यांनी ती लावून पाहिली. गाण्याच्या जागी कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता, आणि त्याच्या खोल तळाशी कोणीतरी गात होते. मामा मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी तबकडी पुन्हा पाकिटात घातली. आजही ती तेथेच आहे.

मी पुसून काढली ती धूळ नव्हती, तबकडीच होती. मिनिटास ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेपासून बनते. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या एका इवल्या किड्याचा स्राव होय. गंगेच्या वरच्या अंगास असलेले मिर्झापूर हे या लाखेच्या धंद्याचे एक मोठे केंद्र होते. शुद्ध केलेली लाख, दगडाची बारीक पूड, कापसाचे तंतू आणि काजळी यांचा लगदा तापवून साच्यात दाबला, की तबकडी तयार होई. लाख पाण्यात विरघळत नाही, परंतु स्पिरिटमध्ये सहज विरघळते. सुतार लाकडाला पॉलिश करतात ते याच गुणावर. म्हणजे मी त्या नाट्यपदाचे पॉलिश करून टाकले! लाखेची तबकडी स्वच्छ करावयाची तर थंड पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकावा, मऊ कापड त्यात भिजवून घट्ट पिळावे, खाचांच्या दिशेने गोल फिरवावे, मधला कागद भिजू देऊ नये आणि लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्यावे. स्पिरिटची बाटली त्या खोलीतही नसावी.

ती ओळखावी कशी? लाखेची तबकडी जड, कडक व ठिसूळ असते. लाँगप्लेइंग तबकडी हलकी आणि लवचिक असते. कागदावरील वर्षावर मात्र विसंबू नये. अमेरिकेत १९४८ साली लाँगप्लेइंग तबकडी बाजारात आली, तरी आपल्या देशात १९६० नंतरही काही वर्षे ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघत होत्या. इंग्लंडातील बीटल्स या मंडळींची गाणीदेखील येथे त्या जुन्या वेगाच्या तबकड्यांवर निघाली, आणि आज ती मिळविण्यासाठी परदेशी संग्राहक धडपडतात.

या काळ्या चकतीचे मोल आपल्या लोकांना कमी वाटते याचे मला नवल वाटते. १९०२ साली इंग्लंडच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचा आवाज मुद्रित केला. त्यांच्या बालपणीची काही वर्षे याच काशीत गेली होती. त्या वेळी येथे तबकड्या काढण्याची सोय नसल्यामुळे मेणावरील मुद्रणे जर्मनीतील हानोव्हर येथे पाठवीत व तेथून तयार तबकड्या परत येत. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ साली. पुढे दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानची लाख अमेरिकेस मिळेनाशी झाली, तेव्हा तेथे जुन्या तबकड्या गोळा करून त्यांच्या लाखेतून नव्या काढल्या गेल्या. किती गाणी अशी दुसऱ्या गाण्यांच्या पोटात गेली असतील कोण जाणे!

आता सुईविषयी. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई एक बाजू वाजली की टाकून द्यावयाची असते. दोनशे सुयांची पत्र्याची डबी घरात असे, ती याचसाठी. तबकडीत दगडाची पूड घातलेली असते ती सुईचे टोक घासून खाचेच्या मापाचे व्हावे म्हणून. पहिल्या काही फेऱ्यांतच टोक घासले जाते. पण दोन-तीन तबकड्या वाजल्यावर त्याच टोकाला धार येते आणि ते खाच खरवडू लागते. आपल्या आज्या-पणज्यांनी काटकसर म्हणून एकेक सुई महिनाभर वापरली. पैशाची सुई वाचली आणि रुपयाची तबकडी गेली. जुन्या बाजारात मिळणाऱ्या तबकड्यांवर राखाडी झाक दिसते, ती बहुधा याच काटकसरीची खूण असते.

याहून मोठा प्रमाद म्हणजे चावीच्या ग्रामोफोनवर लाँगप्लेइंग तबकडी लावणे. जुन्या खाचेसाठी सुईच्या टोकाची गोलाई इंचाच्या सुमारे तीन सहस्रांश असते. नव्या सूक्ष्म खाचेसाठी ती एक सहस्रांश किंवा त्याहूनही कमी लागते. जुन्या ग्रामोफोनचा ध्वनिपेटीसह हात तबकडीवर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकतो, तर नव्या टर्नटेबलचा हात दोन-तीन ग्रॅमच टाकतो. शोभेसाठी घेतलेल्या पितळी कर्ण्याच्या ग्रामोफोनवर पाहुण्यांना गंमत दाखवावी म्हणून कोणी नवी तबकडी लावली, तर त्या एकाच वेळी ती कायमची जाते. विजेच्या काही टर्नटेबलांत एकाच धारकाला दोन सुया असून एक लहानशी खिट्टी फिरविली की सुई बदलते. ती खिट्टी कोणत्या बाजूस आहे हे तबकडी लावण्यापूर्वी पाहावे. मामांच्या घरी यासाठी झाकणावर लाल रंगाचा ठिपका दिलेला आहे.

काशीची हवा या वस्तूंना मानवत नाही. श्रावण-भाद्रपदात घाटाजवळच्या घरांच्या भिंती घामेजतात. कागदी पाकिटांना बुरशी येते, ती तबकडीच्या खाचांत उतरते. लाऊडस्पीकरचा कागदी पडदा ओल धरून सैल पडतो. अशा वेळी गृहिणी काळजीपोटी यंत्रावर प्लॅस्टिकचे कापड घट्ट गुंडाळून ठेवतात. त्याने बाहेरची ओल आत जात नाही हे खरे, पण आतली बाहेरही पडत नाही. सुती कापडाचे सैल आच्छादन घालावे, यंत्र बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवावे, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास ते चालू करावे. त्याच्या उष्णतेने आतील ओल निघून जाते. मात्र चालू करताना आच्छादन काढावे. रेडिओग्रामवर क्रोशाचा विणलेला रुमाल, त्यावर फुलदाणी, फुलदाणीत पाणी, हे दृश्य आपण किती घरांत पाहिले आहे! रुमालाने हवेची छिद्रे बुजून व्हॉल्व्ह तापतात, आणि फुलदाणी कलंडली तर पुढे काय होते ते सांगावयास नको.

गंगेच्या पुराची गोष्ट निराळी. काशीत धोक्याची रेषा ७१.२६२ मीटरवर आहे. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले, आणि हाच तेथील उच्चांक नोंदलेला आहे. मामांचा रेडिओग्राम त्या वेळी तळमजल्यावर होता. तबकड्या वर नेता आल्या, परंतु ते जड कपाट अरुंद जिन्यातून चढेना. पाणी ओसरल्यावर घरच्या मंडळींनी दोन चुका केल्या. खालच्या खणात राहून भिजलेल्या काही तबकड्या त्यांनी गच्चीवर उन्हात वाळत घातल्या. भाद्रपदातील ऊन आपणांस ठाऊक आहेच; दुपारपर्यंत त्या पापडासारख्या वाकल्या. दुसरी चूक अधिक गंभीर होती. चार दिवसांत कपाट बाहेरून कोरडे दिसू लागताच कोणीतरी उत्साहाने बटण दाबले. फट्‌ असा आवाज झाला, धूर निघाला आणि आतील ट्रान्सफॉर्मर जळाला. पुरात भिजलेले यंत्र बंद असताना पाण्याने जितके बिघडते, त्याहून कितीतरी अधिक ते ओले असताना वीज सोडल्याने बिघडते. आतील कागदी वेष्टने, गुंडाळ्या आणि गाळाचे थर वाळावयास आठवडे लागतात. तबकड्यांवरचा गाळ कोरडा झाल्यावर पुसू नये, कारण त्यातील वाळू खाचा कापते; ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली, कागद वाचवून, तो धुवावा आणि तबकड्या सावलीत उभ्या करून वाळवाव्या. तबकड्या नेहमीदेखील उभ्याच ठेवावयाच्या असतात. आडव्या थप्पीत खालच्या तबकडीवर वरच्या साऱ्यांचा भार पडतो.

बरीच वर्षे माळ्यावर पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ खाली आणून लगोलग विजेस जोडणे हीदेखील याच जातीची चूक आहे. त्यातील कंडेन्सर कालांतराने कोरडे पडलेले असतात आणि पूर्ण दाब मिळताच फुटतात. जाणत्या कारागिराकडून ते तपासून घ्यावे. आपण स्वतः मागचे झाकण उघडू नये. अशा यंत्रात अडीचशे-तीनशे व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तो कंडेन्सरात टिकून राहतो.

परदेशातून कोणी आप्त टर्नटेबल घेऊन आला, तर घरात आनंदीआनंद होतो. अमेरिकेतील वीज सुमारे १२० व्होल्टची, आपली २३० ची, इतके आता बहुतेकांस कळते व ते ट्रान्सफॉर्मर लावतात. पण तेथील वीज सेकंदास ६० आवर्तनांची, तर आपली ५० ची असते, आणि ट्रान्सफॉर्मर हा फरक दूर करीत नाही. ज्या जुन्या टर्नटेबलांची मोटर या आवर्तनांवर चालते, ती येथे सहातील पाचच हिस्से वेगाने फिरतात. काळी चारमध्ये गाणारी गायिका मग पांढरी चारच्याही किंचित खाली उतरते आणि द्रुत लय मध्य लयीकडे झुकू लागते. मामांच्या शेजारी एक सद्गृहस्थ असे टर्नटेबल कित्येक महिने ऐकत होते आणि वयोमानाने आपल्या कानास काही झाले आहे, असे समजून वैद्याची औषधे घेत होते!

लाऊडस्पीकर जोडताना तर फार दक्षता लागते. तारेच्या टोकाचे केसासारखे दोन-चार धागे बाहेर राहिले व शेजारच्या टोकास लागले, तर ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर क्षणात निकामी होऊ शकतो. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरचे उलट आहे. त्याला लाऊडस्पीकर न जोडता आवाज चढविला, तर बाहेरच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते. म्हणून एकास तारा चिकटू देऊ नयेत आणि दुसऱ्यास त्या सुटू देऊ नयेत. काशीत यात आणखी एका प्राण्याचा वाटा आहे. गच्चीवरून खिडकीत येणारी वानरसेना एखादी लोंबती तार दिसली की ती ओढून पाहते. मामांच्या घरातील सर्व तारा आज लाकडी पट्टीखाली आहेत, त्या गृहशोभेसाठी नव्हेत.

अॅम्प्लिफायरच्या मागे ‘फोनो’ असे लिहिलेले एक भोक असते. रिकामे दिसते म्हणून त्यात सीडीप्लेअर किंवा मोबाइल फोन जोडणारे तरुण मी पाहिले आहेत. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दबविलेले आणि तार स्वर उचललेले असतात. तसे केले नाही तर खर्जाच्या खाचा रुंद होऊन एकमेकींत शिरतील. १९५४ पासून याचे सर्वमान्य प्रमाण ठरलेले आहे. ‘फोनो’च्या वाटेवर हे सर्व उलटे करून घेतले जाते, शिवाय सुईकडून येणारा अतिक्षीण संकेत तेथे शंभरपट, किंवा त्याहूनही अधिक, मोठा केला जातो. त्या वाटेने मोबाइलचा जोरदार संकेत सोडल्यास जो गडगडाट होतो, त्याने लाऊडस्पीकरचा पडदा फाटू शकतो. लग्नकार्यात लहान अॅम्प्लिफायरची खुंटी शेवटपर्यंत पिरगाळणेही असेच घातक आहे. ‘यंत्राची शक्ती कमी, मग भोंगा कसा जळेल?’ असे लोक विचारतात. शक्ती संपलेला अॅम्प्लिफायर स्वरांची शिखरे छाटून टाकतो. आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजातील जास्तीचे तार स्वर उंच आवाजाच्या लहान स्पीकरची नाजूक गुंडाळी जाळतात. आवाज चिरकू लागला की खुंटी मागे घ्यावी.

ही यंत्रे महाग खरी, पण ती पुन्हा मिळतात. तबकडीच्याही दुसऱ्या प्रती कोठेतरी असतात. माझ्या हातून गेलेल्या नाट्यपदाची प्रत मला अकरा वर्षांनी जुन्या बाजारात सापडली आणि ती मी मामांना पाठविली. घरी भरलेल्या ध्वनिफितीचे तसे नाही. तिची प्रत एकच असते. फिती लाऊडस्पीकरवर रचून ठेवण्याची पुष्कळांना सवय असते. लाऊडस्पीकरमध्ये बलवान लोहचुंबक असतो आणि फितीवरील आवाजही चुंबकत्वानेच लिहिलेला असतो, हे एकत्र आठवले तर ती सवय सुटेल. जुन्या रिळाच्या फितीस आंबट, शिर्क्यासारखा वास येऊ लागला असेल, तर ती कुजू लागली आहे असे समजून विनाविलंब तिची नक्कल करवून घ्यावी. १९७० नंतरच्या काही फिती चिकट होऊन वाजताना किंचाळतात. त्या बळे वाजविल्यास फितीवरील लेपच सुटून येतो, म्हणून त्या तज्ज्ञाकडेच द्याव्या.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने काढलेली कॅसेट या मानाने सोयीची. तिच्या पाठीवरच्या कडेस दोन बारीक चिमट्या असतात, प्रत्येक बाजूस एकेक. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, कारण टेपरेकॉर्डरचे मुद्रणाचे बटण खालीच जात नाही. एका काडीने एका क्षणात होणारे हे काम आहे. १९८५ साली मामांनी आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या अशा एका कॅसेटवर भरून घेतल्या. पुढच्या वर्षी ती वारली. चिमट्या मोडावयाच्या राहून गेल्या होत्या. एका सायंकाळी त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाने खिडकीत ठेवलेल्या टेपरेकॉर्डरची दोन बटणे एकदम दाबली, आणि तेल आणावयास बाहेर गेलेली मामी परत येईपर्यंत ते यंत्र आपल्या अंगच्या मायक्रोफोनने खिडकीबाहेरचे सर्व काही भरून घेत राहिले.

अलीकडे मामांनी त्या कॅसेटची संगणकावर नक्कल करून घेतली. नक्कल करणाऱ्या मुलाने विचारले, ‘चाचाजी, मधली बारा मिनिटे काढून टाकू का? नुसता गोंगाट आहे.’ मामांनी नको म्हणून सांगितले. मागील खेपेस त्यांनी मला ती ऐकविली. आजच्या स्वरूपातील आरती तेव्हा सुरू झालेली नव्हती, आणि तिचे कर्णेही नव्हते. एक घंटा वाजते. नावाडी गिऱ्हाइकांना हाका घालतात, एक सायकलरिक्षा ठणठण करीत जाते, कोणी बाई गल्लीतून दूधवाल्याशी भांडते. अगदी जवळून एका लहान मुलाचा श्वास ऐकू येतो. मग खट् असा आवाज होतो, आणि मामांची आई अर्ध्या ओवीपासून पुढे गाऊ लागते.